मार्चपासून मागे

आधी शेवटचा प्रश्न लिहिते, आठ गुणांचा:
माणसं गाव का सोडतात? जवळचा पुरावा द्या.
मग वीण उसवावी तशी मागे येते.
फेब्रुवारीत मुलाखती (वॉचमन, न्हावी, स्वतःची आई),
त्याआधी तक्ते, त्याआधी नकाशा,
त्याआधी पुरावा म्हणजे काय, यावर अख्खा एक तास.
एप्रिलला पोचते तेव्हा
सोहारमध्ये रात्रीचे अकरा,
एसीखालची बादली काठोकाठ.

सुर्वे सर म्हणतात, बाई, धडा पहिला, पान एक.
इतकं सोपं असतं.
असेल.

प्रश्न पहिल्याच दिवशी भिंतीवर लावला होता.
ऑक्टोबरात सफूरा परकार टेबलाशी आली.
अब्बांचा व्हिसा नोव्हेंबरपर्यंतच.
"टीचर, तो मार्चचा प्रश्न आत्ता सोडवू?"

उभ्याउभ्याच लिहिलं तिने:
दापोली मी सोडलीच नव्हती, जन्म इथला.
तरी सगळे म्हणतात, परत चाललीस.
पुरावा: चार खोकी, वजन केलेली.

गुणांची विभागणी तयार आहे माझ्याकडे,
कारणं तीन, पुरावा तीन, मांडणी दोन.
'परत'खाली लाल पेन टेकवून
बसले आहे.