शेरा

नारीनच्या हवामान कचेरीत माझं काम एवढंच:
डोंगरावरच्या ठाण्यांतून महिन्याकाठी वह्या यायच्या,
त्यांतले आकडे मोठ्या वहीत उतरवायचे,
आणि 'शेरा' नावाचा शेवटचा अरुंद रकाना,
जो बहुधा रिकामा असायचा,
रिकामाच उतरवायचा.

सगळ्यात वरच्या ठाण्यात तुरदुबेक होता. बावीस वर्षं.
त्याचा शेरा ठरलेला: "विशेष नाही."
मग एका फेब्रुवारीत अक्षर बदललं.
गोल, मोठं, रेघेला न टेकणारं,
थोरल्या भावाचे बूट घातलेल्या पोरासारखं.
आकडे चोख. आणि शेवटी:
"नवरा वारला. वारा ईशान्येकडून."

सादिरोव साहेबांनी चष्मा काढला. ही बाई कोण?
बुरुलकान. शिक्षण सातवी.
रस्ता मेपर्यंत बंद, तोवर चालू दे, म्हणाले.
मे आला, गेला.
वर जायला दुसरं कुणी तयार होईना.

एप्रिलच्या वहीत:
"गारा. पत्र्यावर कुणी जर्दाळूच्या बिया ओतल्या."
हे खोडलेलं. खाली:
"गारा. आवाज झाला."
हेही खोडलेलं. त्याच्याखाली, रकान्याच्या बाहेर जात:
"नाही. बियाच."

साहेबांनी लेखी समज दिली:
शेऱ्यात फक्त जे दिसेल ते लिहावे.
मीच टंकली ती. मीच पाकीट चिकटवलं.
उत्तर पुढच्या वहीतून आलं.
"जे दिसलं ते: धुकं. म्हणजे काही नाही.
सहा ते तीन काही नाही बघत बसले.
मग घोडी यायला लागली, तुकड्यातुकड्यानं.
आधी कान."

मी बिश्केकला पाच वर्षं साहित्य शिकले आहे.
पदवी भिंतीवर आहे, काचेत.
उपमेचे सगळे प्रकार मला झोपेत उठवून विचारा.
टेबलाच्या खणात माझी एक कथा होती,
तिला एकोणीस सुरुवाती होत्या.
आणि त्या दुपारी, डबा तसाच उघडा,
मी "आधी कान" पाशी थांबले ते
घंटा होईपर्यंत.

तेव्हापासून तिचे शेरे मी घरच्या वहीत उतरवू लागले.
कचेरीच्या वहीत रकाना रिकामा. नियम तो नियम.
एकदा तिचं एक वाक्य मी व्याकरणानं सरळ केलं.
सरळ झालं, आणि गार पडलं.
गुपचूप होतं तसं वाकडं ठेवलं.

ऑगस्टात रॉकेलच्या ट्रकमधून वर गेले.
ती दारात होती, हातात दुधाची बादली,
बोटांच्या पेरांत शाई मुरलेली, धुऊनही न गेलेली.
मनात सगळं जुळवून नेलं होतं:
की तुम्ही, म्हणजे तुम्ही जे लिहिता, ते...
तिनं पाव पुढे केला. चहा ओतला.
बराच वेळ घोडीकडे बघत राहिली, मग म्हणाली,
"तो शेवटचा रकाना जरा रुंद करता येईल का?"

मी पट्टी काढली. तिथेच, जेवणाच्या फडक्यावर,
नव्या वहीची पानं आखायला बसलो.
ढगांच्या रकान्यातून दोन बोटं घेऊ म्हटलं.
"ढगांना लागते ती जागा," ती म्हणाली.
"तापमानातून घे. त्याचं काय, एक आकडा."

साहेबांना कळेल तेव्हा कळेल.

सप्टेंबरची वही वेळेवर आली.
तापमान दाटीवाटीनं, एकावर एक चढलेलं.
आणि शेजारी ती पांढरी, ऐसपैस जागा,
पहिले तीन दिवस कोरी.
चौथ्या दिवशी, कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात:
"रुंद झाला. आता भीती वाटते.
वारा नाही."