येथून पुढे फक्त नर

तीन मिलिमीटर.
रंग सूमाच्या पाण्याचा, म्हणजे
विसरून उकळत राहिलेल्या चहाचा.
डोकं असं आत ओढलेलं
की कुणी हाक मारतंय आणि ओ द्यायची नाहीये.

टाचणी याला फोडूनच गेली असती,
म्हणून पुठ्ठ्याच्या निमुळत्या टोकावर
डिंकाच्या ठिपक्याने बसवलाय,
आणि खाली त्याच टाचणीत ओवलेलं लेबल:
लेम्म्योगी नदीचा काठ, ओल्या शेवाळातून,
१३ जून १९४१, आ. पिहलाकास.
त्याखाली पेन्सिलीने: नवी जात.
आणि एक प्रश्नचिन्ह, जरा मोठंच.

पिहलाकास शाळेत गणित शिकवायचे.
सुट्टीत चाळणी घेऊन दलदलीत.
चौदा जूनच्या पहाटे गावात ट्रक आले,
घरटी एक गाठोडं बांधायला तासभर दिला.
त्यांच्या पेटीत बाकी काही नाही,
फक्त पुठ्ठ्याचे एकोणीस तुकडे, कोरे,
कात्रीने टोकं काढून तयार.

मी ओळखतक्ता उघडते.
मागच्या मांड्या फुगीर? असतील तर
ती उड्या मारणारी मंडळी, पान बावीस.
नाहीत. मग चारवर जा.
पाठीवर लव? आहे. या कुळात कुणाला नसते.
चारवरून सातवर, सातवरून नऊवर,
जुन्या सरकारी कचेरीत खिडक्या फिरवतात तसं,
आणि नवव्या खिडकीवर पाटी:
येथून पुढे फक्त नर.

पोट अलगद सोडवून रात्रभर पोटॅशमध्ये ठेवलं,
सकाळी ग्लिसरीनच्या थेंबात उलगडलं.
मादी.

हसू आलं. मग नाही आलं.

या कुळाचं नाव पुस्तकांतून दोन-तीनदा बदललं,
त्या काळात आमच्या देशाचंही बदलत होतं.
भुंगेरे मात्र त्याच शेवाळात.
त्यांच्या अळ्यांना मिशा असतात, लांबच लांब, कितीतरी पेरांच्या;
इतर भुंगेऱ्यांनी बाळपणीच्या त्या मिशा
केव्हाच टाकून दिल्या, यांनी नाही.
का, ते कुणी नीट सांगत नाही.
मला वाटतं, गढूळ पाण्यात चाचपडायला
जुनं काहीतरी लागतंच.

आता नर शोधायचा तर पाचव्या ऋतूत.
हिवाळा संपतो, वसंत लागलेला नसतो,
तेव्हा नदी उठून कुरणांत येते,
कोठारांच्या उंबऱ्यांना लागते,
आणि एंडेल आपली अस्पेनच्या खोडाची होडी काढतो.
हिवाळाभर कचऱ्यात निजलेले भुंगेरे
तरंगत्या काड्या धरून वर येतात.
मी काड्या गोळा करते, चाळते,
पांढऱ्या कापडावर झटकते.
एंडेल वल्हं आडवं ठेवून
राईचा काळा पाव खातो आणि बघत बसतो.

तीन वसंत. दोनशे बारा नर.
सगळे ओळखीचे, दहावर, अकरावर,
एकेक आपल्या नावाशी जाऊन थांबलेला.
तिचा एकही नाही.

संग्रहालयात नियम आहे,
जुनं लेबल काढायचं नाही, खोडायचं नाही,
आपलं त्याखाली ओवायचं.
मी बारीक अक्षरात लिहिलं:
मादी. नर मिळालेला नाही. तार्तू.
तारीख घातली. सही करताना
पेन्सिलीचं टोक मोडलं, पुन्हा केलं.

यंदा पाणी लवकर आलंय.
निघताना त्या एकोणिसांतला एक कोरा तुकडा
वहीत घालून आणला, कुणाला न विचारता.

एंडेल विचारतो, काय नाव तिचं?
अजून नाही.
मग हाक कशी मारता?

मारत नाही, म्हटलं. चाळते.

तो मान हलवतो,
होडी बर्चच्या बुंध्यांमधून वळवतो,
आणि म्हणतो, तिकडे, त्या पडक्या कुंपणापाशी
कचरा बराच अडकलाय.