नाकतोड्यापाशी उतरायचं

मेक्सिको सिटीच्या पोटात
मी या वयात पुन्हा अंगठाबहाद्दर.
पाट्यांवरची अक्षरं ओळखीची, शब्द मुके.

शेजारच्या बाईच्या मांडीवर
सोललेल्या निवडुंगाची पिशवी.
हॉटेलवाल्यानं लिहून दिलेली चिठ्ठी तिच्यापुढे धरली.
तिनं ती उलटी घेतली,
उलटीच पाहिली बराच वेळ,
आणि चार घड्या घालून माझ्या हातात परत.

शेवटी तोंडानंच म्हणालो, चापुल्तेपेक.
'आss!' तिची दोन बोटं माझ्या गुडघ्यावर
टुण्णकन् उडाली.
नाकतोडा!

मग दारावरची चित्रं वाचत गेलो दोघं,
ती तिच्या भाषेत, मी माझ्या:
कारंजं. तोफ. गरुडाचं डोकं.
घंटेला मी उठू लागलो, तिनं बाही ओढून बसवलं.
कमानी गेल्यावर स्वतःच ढकललं दाराकडे.

नाव विचारायचं राहिलं.
चिठ्ठी आहे अजून,
घड्या तिच्याच.