सोनेगाव, संध्याकाळचा फुगा

साडेचारला मोहतुरे शेडचं कुलूप काढतो,
सिलिंडरची चावी फिरवतो,
आणि पांढरं रबर हळूहळू दोरी ओढू लागतं.
"धरा जी मॅडम, आज लय जोर हाय त्याले."

पारा सेहेचाळीस पूर्णांक तीन.
धावपट्टीचं डांबर पाण्यासारखं हलतंय.
त्याच्यावरच्या हवेला बसवत नाही:
तापली की उठते,
उठली की जागा सोडते,
आणि सोडलेल्या जागेत
कुठून कुठून कोण कोण येतं.
बावीस वर्षांत मी एवढंच शिकले.
बाकीचं मशीन करतं.

सोडला.

आधी तो आपल्यातलाच.
बर्डीच्या गच्च्या, पत्रे, रिंगरोडचं सिमेंट,
सगळ्यांची धग त्याला खालून ढकलते,
झोकांड्या खात चढतो.
मग सातपुडा दिसत असेल त्याला,
आईच्या गावामागची ती बुटकी रांग,
जिला आम्ही जगाचं कुंपण समजायचो.
वारा तिथे जरासा वाकतो,
खांदा चुकवतो,
बस.

पण त्याहून वर
नागपूर म्हणजे माझ्या वहीतला एक आकडा.
तिथे दुसऱ्याच डोंगरांचं चालतं,
बाराशे किलोमीटरवरच्या,
आणि त्यांच्या पलीकडच्या पठाराचं,
जिथे जमीनच इतकी उंच
की ऊन पडलं
तर आभाळाच्या पोटातच चूल पेटते.

महिनाभर आमचे फुगे पूर्वेला गेले.
लाखनीच्या एका पोराने थर्मोकोलचा डबा परत आणला,
वर बॉलपेनने लिहून: हे तुमचं आहे का.

आज पडद्यावरची रेघ
बारा किलोमीटरवर अडखळली.
दोन ठिपके एकावर एक पडले.
मी चष्मा पुसला.
चौदाच्या वर ती वळली
पश्चिमेला, काटोलच्या अंगाने,
आणि वळलेलीच राहिली.

लिहिलं: वारा पूर्वेकडून, बावीस नॉट.

"म्हन्जे का झालं जी?"
"डोंगर तापला, मोहतुरे."
"कोनता? सेमिनरी हिलचा?"

हसू आवरेपर्यंत फुगा फुटला होता,
अठ्ठावीस किलोमीटरवर, आवाज न करता.
बाहेर कडुलिंबाचं पान हलत नव्हतं.
पारा पंचेचाळीस.
कुलरच्या टाकीत पाणी संपलंय असं
मोहतुरे मघापासून सांगत होता.