जामीन

डनूनच्या माझ्या दवाखान्याच्या खिडकीतून
खाडी दिसायची, आणि खाडीत ते अमेरिकन जहाज:
करडं, अजस्र, पाणबुड्यांचं माहेर.
(माहेर हा शब्द मला फार आवडला होता.
मग कळलं, त्या पोटात काय घेऊन येतात,
आणि मी तो मुकाट्यानं परत घेतला.)

ॲलिक लॅमॉन्ट टॅक्सी चालवायचा.
त्याचं परराष्ट्र धोरण सुटसुटीत:
"डॉक्टर, पहिला बॉम्ब आपल्याच डोक्यावर.
पण तोवर शनिवारची भाडी बघा!"
इशबेल धक्क्याच्या फाटकासमोर तंबू ठोकून बसायची.
पावसात फलकावरची शाई ओघळे
आणि शेवटी 'नको' एवढंच उरे.
खोकला झाला की दोघंही माझ्याच बाकावर.
चुलत भावंडं होती. बोलत नसत.

आमचे अण्णा देवरुखला पतपेढीत कारकून.
म्हणायचे, जामीन राहताना रक्कम बघू नये,
रात्री दार कुणाचं वाजणार ते बघावं.
एका दुपारी वाचनालयात मी तो करार वाचला.
एकावर वार, तो सर्वांवर वार.
वाक्य दणकट. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं असतं,
आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं असतं:
ज्याला जे आवश्यक वाटेल, ते त्यानं करावं.
आवश्यक वाटेल ते!
आमच्या पतपेढीत असा कागद
खिडकीतूनच परत गेला असता.

तरी तीस वर्षं दार वाजलं नाही.
त्या जहाजामुळे वाजलं नाही,
की वाजणारच नव्हतं?
लस टोचलेल्या पोराला गोवर आला नाही
तर श्रेय कुणाचं, हा प्रश्न
मी कुठल्या आईला विचारू दिला नाही.
स्वतःलाही नाही, बरीच वर्षं.

कर्टिस आला तो नोव्हेंबरात, मागच्या दारानं.
आयोवाचा, एकोणीस वर्षांचा,
इथे येईतो समुद्र न पाहिलेला.
त्यांचा डॉक्टर वेगळा होता, पण त्याला कळलं असतं
तर पोराची पाणबुडी सुटली असती.
झोप येत नाही, म्हणाला. साठ-साठ दिवस पाण्याखाली,
आणि वर आल्यावरही तसंच.
खाली काय करतोस, मी विचारलं.
"ते सांगता येत नाही, सर.
पण तुम्ही निवांत झोपत जा."
मी गोळ्या लिहून दिल्या. फी घेतली नाही.

ब्याण्णव साली जहाज गेलं.
धक्क्यावर बँड होता, भुरभुर पाऊस होता.
ॲलिकनं टॅक्सी विकली.
इशबेलनं तंबू उतरवला, "जिंकलो" म्हणाली,
आणि चहा पिता पिता: "भाचीला कुठे काम आहे का हो?
तिचा पब बंद होतोय."
खाडीत आता बदकं, दोन-चार शिडाच्या होड्या,
आणि जहाज होतं तिथे पाणी, नुसतं पाणी.
त्या रात्री मी मागच्या दाराची कडी
उठून दोनदा बघितली.

कर्टिसचं नाताळात कार्ड येतं.
दोन नातवंडं, मक्याचं शेत, गुडघेदुखी,
आणि शेवटी, दर वर्षी, त्याच हातानं:
झोप अजून नाही. तुम्हाला लागते ना?

लागते.
दर वर्षी उत्तरात
हवामानाबद्दल लिहितो.