पुलाचा उतार

आफिआवीच्या टेबलावर सकाळी बाटल्या उभ्या असतात,
लिटरच्या, अर्ध्या लिटरच्या,
आणि गेल्या काही महिन्यांपासून जिनच्या चपट्या पावबाटल्यासुद्धा.
ऊन पडलं की पेट्रोल मधासारखं दिसतं.
"काय भाव?"
ती बाटलीकडे बघते, माझ्याकडे नाही.
"सीमेवर वाढला रात्री. मी नाही वाढवला, साग्बो."
तिने नाही वाढवला, मला माहीत आहे.
पण सीमा काही टेबलामागे स्टूल टाकून बसत नाही,
मग भांडायचं कुणाशी?
रोज थोडं तिच्याशीच भांडतो.
तीही रोज थोडं भांडून घेते,
आणि फडक्यातून गाळताना
शेवटचा थेंब बाटलीच्या बुडावर टिचकी मारून पाडते.

तीनशेची बाटली सहाशेला झाली तेव्हापासून
मी टाकी भरत नाही, तिला चव दाखवतो.
गाडी हलवून कान लावतो:
खळखळलं तर चार भाडी,
चुळबुळलं तर एक,
काहीच नाही तर हँडल धरून वाळूतून घरापर्यंत पायी.

आमच्या भाषेत झेमीजाँ म्हणजे "मला झटकन ने".
पिवळा सदरा, पाठीवर नंबर,
आणि गाडी, जी म्हणे भारतात बनते.
हल्ली झटकन कुणी नेत नाही.
तिसऱ्या गिअरमध्ये, हळू,
लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखे आम्ही सगळे.
हुएनूने कुणाचं तरी ऐकून
टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या.
दोन दिवस त्याच्या धुराला कपाटाचा वास,
तिसऱ्या दिवशी गाडी
कपाटासारखीच जागची हलेना.

कोतोनू तव्यासारखं सपाट.
देवाने इथे एकही उतार ठेवला नाही.
आहे तो जुन्या पुलाचा, माणसांनी बांधलेला.
अर्ध्यावर पोचलो की मी किल्ली फिरवतो
आणि गाडी नुसती वाहू देतो.
एक, दोन, तीन... सत्तावीसपर्यंत फुकट.
चढताना जळलं ते यात वसूल होत नाही,
हिशेब मला येतो.
पण वसूल केल्यासारखं वाटतं, तेही काही कमी नाही.

सेनामीबाई माझं रोजचं भाडं.
दान्तोक्पाच्या बाजारात धुरी दिलेली मासळी विकतात.
अकरा वर्षं मागच्या सीटवरून फक्त ओरडणं ऐकलं त्यांचं:
डावीकडे! खड्डा! अरे थांब!
मंगळवारी पुलावर किल्ली फिरवली
आणि माझ्या मानेमागे कुणीतरी गुणगुणत होतं.
सूर धड नव्हता. शब्दही नव्हते.
पाळण्याजवळ, किंवा एकटीने भांडी घासताना
निघतं तसं काहीतरी.
नवव्या आकड्यापर्यंत चाललं.
मग शांतता त्यांच्या लक्षात आली.

"बंद पडली का रे?"
"नाही. केली."
"मग भाडं कमी घेशील?"
"नाही."
"मग उपयोग काय!"
दोघंही हसलो.
खाली तळ्यात एक होडी वल्हं न मारता चालली होती,
तिलाही आमच्यासारखंच परवडत नसावं.

अकरा वर्षं.
म्हणजे रोज, इंजिनाच्या आवाजाखाली,
माझ्या पाठीशी हे सगळं चालू होतं
आणि मी पेट्रोल जाळून ते झाकत होतो.

आज चढावर मी कान टवकारून बसलो.
किल्लीला हात लागायच्या आतच
मागचा श्वास आवरल्यासारखा झाला.
त्यांनाही आता उतार पाठ झालाय.
फक्त वारा, टोपलीतल्या मासळीचा वास, चाकांची सरसर.
पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.
किक.

मग बाजारापर्यंत
सदऱ्यावरच्या नंबराच्या आसपास
काहीतरी थरथरत राहिलं.
इंजिनाचंच असेल.
मी मात्र दोनशे फ्रँकमधे
एक गल्ली लांबून नेलं त्यांना.