पावती

कोर्टात मी बोलत नाही. बोटं बोलतात.
तीन पायांवर उभं माझं यंत्र, थोड्याच कळा,
त्यांत सगळ्या जिल्ह्याचं भांडण मावतं.
रडण्याला मात्र कळ नाही.
तिथं कंसात लिहायचं: साक्षीदार थांबली.

आज व्हर्लीन टॅडलॉक. वय त्रेपन्न.
संसार एकोणतीस वर्षं,
त्यातली सोळा मोज्यांच्या गिरणीत, टाचा शिवत.
नॉर्थ कॅरोलायनातल्या गिरण्या गेल्या, तीही गेली.
मग घर, सासऱ्याचा पक्षाघात,
हार्लनच्या चार ट्रकांचे हिशेब,
बिनपगारी.

हार्लनचा वकील फोटो मांडतो, पत्ते मांडावेत तसे.
तिची निळी गाडी कुणा रेमंडच्या अंगणात,
रात्री नऊ चाळीस.
तीच गाडी पहाटे पाच पन्नास, काचेवर दव.
मधल्या आठ तासांचा फोटो नाही,
आणि कायद्याला तो लागतही नाही.
मन होतं, संधी होती,
बेरीज कोर्ट करतं.

इथला नियम तसा सोपा.
पोसणारा घसरला, तर पोटगी द्यायची.
पोसली जाणारी घसरली, तर तिला काही नाही.
दोघंही घसरली, तर न्यायाधीशांची मर्जी.
'पोसली जाणारी' म्हटल्यावर
व्हर्लीननं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.
बघणं मी टिपत नाही. तशी सोय नाही.

मग तिची वकील उठली, मिस ऑगबर्न,
पोरसवदा, बुटाची एक टाच झिजलेली.
हातात एक पावती, शाई उडत चाललेली:
ओक आयलंड, भाड्याची खोली, सात रात्री,
माणसं दोन, पलंग एक.
तारीख फोटोनंतर अडीच महिन्यांची.

तेव्हा रेमंडचं तुम्हाला ठाऊक होतं?
होतं.
कुणी सांगितलं?
हिनंच. भांडी विसळता विसळता.
आणि तरी समुद्रावर गेलात?
हार्लन म्हणाला, तिला कोळंबी आवडते.
पलंग एकच होता?
पंख्याचा आवाज.
मी लिहिलं: हो.

जे पोटात घातलं ते पुन्हा बाहेर काढून
मोजता येत नाही, असं कायदा म्हणतो.
शब्द कुणी मागत नाही माफीचे,
पलंग पुरतो.

आता तो आठवडा सांगा, मिस ऑगबर्न म्हणाली, हळूच.
व्हर्लीन थांबली.
(साक्षीदार थांबली.)
मग म्हणाली, त्यानं काहीच विचारलं नाही.
चौथ्या दिवशी वाळूतून आलो,
तर अंगणातला पाइप घेऊन त्यानं माझे पाय धुतले.
बोटांच्या बेचक्यांतली वाळूसुद्धा.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
सांगायचं नव्हतं.

पुरावा क्रमांक चौदा.

दोन वर्षांनी तो निघून गेला. कुणाकडे नाही. नुसता गेला.
माफी टिकली नाही,
पावती टिकली.

निकाल चारच्या सुमाराला:
दरमहा अकराशे चाळीस डॉलर.
तिनं पुन्हा लग्न केलं,
किंवा कुणाच्या घरी संसार मांडला, की बंद.
म्हणजे त्यानं पाय धुतल्याचे पैसे
तिचे पाय दुसऱ्या कुणी धुईपर्यंत.
हे वाक्य माझं आहे. नोंदीत नाही.

लिफ्ट बिघडलेली. एकाच जिन्यानं सगळे खाली.
मी मागे, पेटी सांभाळत.
खालचं दार जड आहे, ते त्यानं धरून ठेवलं,
ती गेली, मी गेले, तरी धरूनच उभा.
मग तिच्या पाठीला म्हणाला,
गाडीचं ऑइल बदललंस का?
मार्चमध्ये, ती म्हणाली, वळून न बघता.

तेव्हा माझं यंत्र पेटीत होतं,
कड्या लावलेल्या.